चादरीखालचा टीव्ही

कोर्टाच्या व्हरांड्यात माझ्या शेजारी एक आई आणि तिची मुलगी बसल्या होत्या.

“आई, घोटभर पाणी तरी पी.”

“नको गं आत्ता. डॉक्टर पोचले असतील ना तुरुंगात?”

“किती वेळा सांगू? डॉक्टर त्यांच्या दवाखान्यातच बसणार. दादाला व्हिडिओ कॉलवर तपासणार. तो आजारी आहे असं त्यांनी सांगितलं, तर त्याला तुरुंगातून इस्पितळात हलवतील.”

“एवढ्याशा मोबाइलवर काय कळणार त्यांना?”

“मोबाइल नाही. तिथे भिंतीवर मोठा टीव्ही आहे, त्यावर डॉक्टर दिसतात.”

“टीव्हीवर?”

“हो. का गं? अशी काय बघतेस?”

“आपल्या टीव्हीवर मी चादर का टाकली होती?”

“बातम्या देणारा माणूस आपल्यालाच हाका मारतो, म्हणायचा दादा.”

“तेव्हाच मी त्याला बजावलं होतं. टीव्हीतला माणूस कितीही गोड बोलला, नाव घेऊन बोलला, तरी ओ द्यायची नाही. माझ्या गळ्याची शपथ घातली होती.”

“अगं आई! ऊठ, आधी वकिलांना सांगू.”

“तेच येताहेत बघ. काय झालं हो, साहेब?”

“संपला कॉल. डॉक्टरांनी नाव घेऊन कितीदा विचारलं, पण तुमचा मुलगा डोळे मिटून गप्प. मुद्दाम बोलत नाही, असं लिहून देणार म्हणतात. घरीही असाच हट्टी होता का?”

“नाही हो. माझ्या शब्दाबाहेर कधी गेला नाही तो.”