कापसात ठेवलेला देव

(चारठाणा. मल्लम्माच्या माहेरची मधली खोली, दुपार. मल्लम्मा बाजेवर उताणी, पोटावर उशी धरून. शेजारी झोळीत तिची तान्ही मुलगी झोपलेली. नवरा चंद्रप्पा उंबऱ्याबाहेर उभा, आई चन्नबसम्मा दोघांच्या मधे.)

चन्नबसम्मा : ...आन् उंबऱ्यावर कामून थांबलात, जावई? आत या की. पोरीचं लगीन लागायला अजून टाइम हाय. लय उशीर न्हाई झाला तुमाला.

चंद्रप्पा : मी इथंच बरा हाय, मामी.

चन्नबसम्मा : बरे तर दिसत न्हाईत. डोळे खोल गेलेत. आन् कानात कापूस कशाला घातलाय? आमचं बोलणं ऐकू येऊ नये म्हणून?

चंद्रप्पा : घातलेला न्हाई. गेलाय.

मल्लम्मा : अव्वा, बास कर. हसायला येतं. टाके वढतात.

चन्नबसम्मा : हसायचं काय हाय त्यात? मी तर रडायचं बोलायलेय. परभणीच्या दवाखान्यात पोट फाडून लेकरू काढलं, आन् लेकराचा बाप तुझ्या गळ्यातला देव माझ्या हातात देऊन जो गेला, तो आज उगवला. सगळा वार्ड मला इचारायचा, बाळाचे वडील कुठं हायत. मी म्हणले, औषध आणायला गेलेत. दुसऱ्या दिवशी बी औषधच सांगितलं. तिसऱ्या दिवशी शेजारच्या खाटंवरची दगडाबाई म्हणाली, बाई, एवढं औषध लागलं असतं तर माणूस वाचलं नसतं. मुलगी झाली की असंच होतंय, म्हणाली. मला काय बोलावं कळंना. मी तिलाच विक्स लावून दिलं.

मल्लम्मा : अव्वा, खीर बघ. करपायलीय.

चन्नबसम्मा : करपायली न्हाई. दूधच चढवलं न्हाई अजून. मला घालवायचं तर तसं सांग, मी जाते. जावई, भाकरी टाकू न्हवं?

चंद्रप्पा : नको, मामी. चहा चालंल.

चन्नबसम्मा : आल्यापासून चहाच चाललाय. आमच्या घरचं अन्न बी रुसवलं का आता? जाते मी.

मल्लम्मा : गेली. आता सांगा.

चंद्रप्पा : काय सांगू?

मल्लम्मा : मुलगी झाली म्हणून आला न्हाईत ना?

चंद्रप्पा : न्हाई.

मल्लम्मा : मंग पोट फाडलं म्हणून. फाडलेली बाई पुन्हा शेताच्या कामाची राहत न्हाई, असं तुमच्या आई म्हणाल्या असतील.

चंद्रप्पा : म्हणाली. पण मी ऐकलं न्हाई. ऐकायला घरी न्हवतोच.

मल्लम्मा : खरं सांगू का. मलाच लाज वाटायलीय. सगळ्या बायका बाळंत होतात. कडूबाई तर कापूस येचता येचता झाली, आन् येताना सरपण घेऊन आली. मी नुसती झोपले. उठले तर लेकरू झालेलं. दुसऱ्यानं केलेल्या कामाचं मी बाळंतीण म्हणून खीर खायलेय.

चंद्रप्पा : तू असं म्हणू नकोस. गुन्हा माझा हाय, तो तू घेऊ नकोस. मला एकच हाय, तेवढा राहू दे.

मल्लम्मा : कसला गुन्हा?

चंद्रप्पा : सांगतो. पण हसायचं न्हाई.

मल्लम्मा : मला हसायला कुठून येणार आता?

चंद्रप्पा : येणार. मी लय बाजूनं विचार करून बघितलं. कशीबी सांगितली तरी गोष्ट हसायसारखी व्हायलीय. म्हणून तर टाके निघायची वाट बघितली.

मल्लम्मा : वरचे निघालेत. आतले हायत. सांगा.

चंद्रप्पा : त्या दिवशी नामांतराचा बंद होता. एस्टी न्हवती.

मल्लम्मा : लिंबाजीच्या ट्रॅक्टरनं नेलं मला. ट्रॉलीत, कापसाच्या ढिगावर निजवून. ध्यानात हाय सगळं. देवगाव फाट्यावर रस्ता अडवला होता. मी कापसातून वरडले, तर पोरांनी आपणहून दगडं बाजूला केली.

चंद्रप्पा : त्यातला एक सोबत येतो म्हणत होता. लिंबाजीनं बसू दिलं न्हाई. कापूस सेलूच्या जिनिंगला मोजायचाय, म्हणाला, जास्तीची माणसं बसली की कापूस दबतोय. तुझ्याबद्दल त्याची काई तक्रार न्हवती. तुला आडली बाई म्हणून माफ करायलोय, म्हणाला.

मल्लम्मा : सुरू झालं का तुमचं? मी उशी दाबून धरते. सांगा पुढं.

चंद्रप्पा : दवाखान्यात नर्स म्हणाली, अंगावरचं सगळं काढा. मंगळसूत्र मामीकडं गेलं. तुझं इष्टलिंग डबीसकट माझ्या हातात आलं.

मल्लम्मा : मीच दिलं. म्हणले, देवाला खाली ठेवू नका.

चंद्रप्पा : खाली न्हाईच ठेवला. गळ्यातच घालणार होतो. मंग मनात आलं, गळ्यात माझा देव हायच. एका गळ्यात दोन देव चालतात का? विचारायला जंगम स्वामी न्हवते. लिंबाजीला विचारलं. तो म्हणाला, मला डिझेलचं विचारा. तेवढ्यात नर्स म्हणाली, रक्त लागंल, तपासायला चला. देव घेऊन रक्ताच्या खोलीत कसं जावं? ट्रॉलीत तू निजली होतीस तिथं कापसात खड्डा पडला होता. हात लावून बघितला. अजून गरम होता. म्हणलं, ह्याच्यापरीस चांगली जागा दवाखान्यात कुठं मिळंल. त्यात ठेवला. ऊन लागू नये म्हणून वरून कापूस लावला.

मल्लम्मा : मंग?

चंद्रप्पा : माझं रक्त जुळलं न्हाई. तिथं बी उपयोगाचा निघालो न्हाई. वापस आलो. देव कापसात जसा ठेवला तसाच असंल. ट्रॉली न्हवती. हसायलीस?

मल्लम्मा : न्हाई. दुखायलंय. थांबा जरा.

चंद्रप्पा : जिनिंगला गाड्यांची रांग लागती. नंबर जाईल म्हणून लिंबाजी सेलूला निघून गेला. त्याला काय माहीत, तो देव घेऊन चाललाय.

मल्लम्मा : आन् मी शुद्धीवर आल्यावर अव्वानं माझ्या गळ्यात घातला, तो?

चंद्रप्पा : माझा. आपल्या दोघांच्या डब्या एकाच सोनारानं घडवलेल्या. उठल्यावर तू आधी देव मागणार, हे मला माहीत होतं. पूजा केल्याबिगर तू पाण्याचा घोट घेत न्हाईस. डॉक्टर म्हणत होते, बाई लय अशक्त झाली, खाल्लं न्हाई तर दूध येणार न्हाई. म्हणून गळ्यातला काढला आन् मामीला म्हणलं, हा तिचा देव. तेवढं एकच खोटं बोललो. बाकी सगळी नुसती चूक हाय.

मल्लम्मा : आन् मंग हुडकायला गेलात.

चंद्रप्पा : सेलूला पोचलो, तोवर लिंबाजीचा कापूस मोजून ढिगात पडला होता. तो ढीग म्हणजे तुमच्या गावच्या जुन्या देवळाएवढा. उलट जरा मोठाच. मुकादमाला म्हणलं, ह्यात माझ्या बायकोचा देव हाय. तो म्हणाला, सगळ्यांचाच असतो बाबा, शेतकऱ्याचं सगळं ह्यातच असतंय. लय श्रद्धाळू माणूस निघाला. मी म्हणलं, तसं न्हाई, चांदीच्या डबीत हाय. मंग मातर त्याचा चेहरा बदलला. धातू यंत्रात गेला तर ठिणगी पडती म्हणाला, सगळी जिनिंग पेटंल. यंत्रं बंद केली. सगळे हमाल माझ्या देवाला हुडकायला लागले.

मल्लम्मा : सापडला?

चंद्रप्पा : एक विळा सापडला. एक जोडवं सापडलं. कुण्या लेकराचं झबलं. मंग एक जण वरडला, डबी, डबी सापडली. सगळे धावले. मुकादमानं नारळ फोडला. बघतो तर लिंबाजीची चुन्याची डबी. लिंबाजीला वाटलं, आपल्या एका डबीपायी ह्या माणसानं अख्खी जिनिंग बंद पाडली. माझ्या गळ्यात पडून रडला. म्हणाला, सख्ख्या भावानं केलं नसतं.

मल्लम्मा : अयाई... बोलू नका. गप बसा. गप.

चंद्रप्पा : म्हणलो होतो. दुखलं ना? हे बी माझ्याच नावावर.

चन्नबसम्मा : चहा घ्या, जावई. आन् हे काय, मल्ले? रडायलीस का हसायलीस?

मल्लम्मा : दोन्ही.

चन्नबसम्मा : दोन्हीनं टाके वढतात. एक काईतरी कर. जावई, तुमी तिला काय बोललात?

चंद्रप्पा : जिनिंगचं सांगायलो, मामी.

चन्नबसम्मा : बाळंतिणीला जिनिंगचं काय? आमचे मालक गेले असते तर लेकराला टकुचं तरी आणलं असतं. मी खिरीचं बघते. दूध चढवलंय आता.

मल्लम्मा : मंग? नारळ फोडल्यावर?

चंद्रप्पा : नारळ फुटल्यामुळं हमालांना वाटलं काम झालं. यंत्रं पुन्हा चालू. मी म्हणलं, मला तरी राहू द्या. मुकादम म्हणाला, बाहेरच्या माणसाला ढिगावर चढता येत न्हाई. मंग मी हमालीला लागलो. दिवसभर कापूस वढायचा, सोडवायचा, बघायचा. डोळ्यात कापूस, नाकात कापूस. रोज वाटायचं, आज दवाखान्यात जावं, पोरीला बघावं. पण मोकळ्या हातानं कसं यावं? तू गळ्याला हात लावून दाखवलं असतंस, आन् मी ओळखलं असतं तो माझा हाय म्हणून. परवा ढीग संपला. जमीन लागली. सगळ्या गाठी मुंबईला गेल्या. आता कुण्या गिरणीत, कुण्या गादीत तुझा देव निघंल. ज्या माणसाला मिळंल त्याला वाटंल, आपलं नशीब उघडलं.

मल्लम्मा : मंग तुमच्या गळ्यात काय हाय?

चंद्रप्पा : काई न्हाई.

मल्लम्मा : मंग तुमी पूजा कशाची करता?

चंद्रप्पा : न्हाई करत.

मल्लम्मा : मंग खाता काय?

चंद्रप्पा : चहा. चहा अन्नात धरत न्हाईत.

मल्लम्मा : कोण म्हणालं?

चंद्रप्पा : मीच ठरवलं. हमाली करायची म्हणल्यावर केळं बी अन्नात धरायचं बंद केलं. परवापासून शेंगदाणे पण अन्नात न्हाईत. अजून चार दिवस गेले असते तर भाकरी बी सुटली असती यादीतून. म्हणून म्हणलं, आता सांगूनच टाकावं.

मल्लम्मा : इकडं बघा. हा दोरा बघा.

चंद्रप्पा : बघतोय.

मल्लम्मा : गाठी दिसायल्यात?

चंद्रप्पा : तू मारल्यास?

मल्लम्मा : तुमची उंची केवढी, माझी केवढी. पहिल्या दिवशी अव्वानं घातला, तर देव खाली येऊन टाक्यांवर टेकला. बेंबीच्या खाली देवाला जाऊ देत न्हाईत. अव्वा म्हणाली, बाळंतपणात बाई आटली, म्हणून दोरा लांब वाटायलाय. मी काईच बोलले न्हाई. दोऱ्याला तुमच्या तंबाखूचा वास होता.

चंद्रप्पा : म्हणजे तुला तवाच कळलं?

मल्लम्मा : तवाच कळलं. हा तुमचा हाय, म्हणजे तुमच्या गळ्यात काई न्हाई. म्हणजे तुमी उपाशी. सगळं कळलं. आन् नर्स पेज घेऊन आली, तशी देव हातावर घेतला, पूजा केली, पेज प्याले. दुसऱ्या दिवशी खीर खाल्ली. डिंकाचे लाडू खाल्ले. एकदा बी अव्वाला म्हणले न्हाई, त्यांचा देव त्यांना नेऊन दे. लाज वाटायची, तरी खायची. ही रडायली की दोन घास जास्तच खायची. तुमच्या वाटणीचं खाल्लं मी.

चंद्रप्पा : दूध आलं का पण?

मल्लम्मा : आलं.

चंद्रप्पा : मंग झालं.

मल्लम्मा : झालं काय? आत या आधी. इथं बाजेजवळ बसा. मला वाकता येत न्हाई, तुमीच हात पुढं करा. डावा. असा. आता माझ्या हाताखाली धरा. देव माझ्या हातावर, माझा हात तुमच्या हातावर. डोळे मिटा. आज दोघांची एकच पूजा.

चंद्रप्पा : असं चालतं का? स्वामींना विचारायला पाह्यजे होतं.

मल्लम्मा : मागच्या बारीला इचार करत बसलात, आन् ट्रॉली गेली. डोळे मिटा.

चंद्रप्पा : मिटले.

मल्लम्मा : ...झालं. अव्वा. अव्वा, भाकरी टाक ह्यांना.

चन्नबसम्मा : आं? चहानं पोट भरलं का न्हाई मंग? टाकते. रुसवा गेला वाटतं.

मल्लम्मा : आता ऐका. आपले अप्पा जंगम स्वामींना सांगायला गेलेत, सोमवारी हिचं लिंगधारण हाय, हिच्या गळ्यात देव बांधायचाय. मी निरोप पाठवते, एक देव जास्तीचा आणा म्हणून. हा माझ्याकडंच राहू द्या, गाठी सुटायच्या न्हाईत आता. नवा तुमी घ्या.

चंद्रप्पा : म्हणजे माझं आन् हिचं एकाच दिवशी? स्वामी मला बी झोळीत घालतील.

मल्लम्मा : पुन्हा हसवलं तर बघा. हिला घ्या.

चंद्रप्पा : नको. सोमवारनंतर घेतो.

मल्लम्मा : कामून?

चंद्रप्पा : गळ्यात देव नसलेला माणूस म्हणजे भवी. भवी माणसानं पहिल्यांदा हात लावायचा, ते बी माझ्यासारख्यानं. म्हणून तर उंबऱ्याबाहेर होतो. तान्ही हाय ती.

मल्लम्मा : तिच्या गळ्यात तरी काय हाय? सोमवारपर्यंत ती बी भवीच हाय.

चंद्रप्पा : ...तसं बघितलं तर हाय.

मल्लम्मा : मंग घ्या. मानेखाली हात घाला. मान धरत न्हाई ती अजून.

चंद्रप्पा : हलकी हाय. कापसासारखी. गरम हाय पण.

मल्लम्मा : आन् हिला कुठं ठेवू बिवू नका. धरूनच बसा.