फकिराचं घर

(पार्लरचा सुट्टीचा दिवस. आरशासमोरच्या खुर्चीत नगरसेवक बसलेत, गळ्याभोवती कापड, हातात उद्याच्या भाषणाचा कागद. मागे कात्री घेऊन त्यांची बायको. पार्लर तिचंच.)

नगरसेवक : ...आणि म्हणून, अध्यक्ष महोदय, नगरसेवकांचं मानधन वाढवायच्या या ठरावाला माझा ठाम विरोध आहे. सेवेला कधी पगार असतो का? कसं वाटतंय?

बायको : मान खाली घाला. मागून वाकडं जाईल.

नगरसेवक : अगं, भाषण कसं वाटतंय?

बायको : छान आहे. टाळ्या पडतील. पहिली टाळी शेजारच्या वॉर्डातल्या भाऊसाहेबांची.

नगरसेवक : तो कशाला वाजवेल?

बायको : मग काय करतील? त्यांच्या वॉर्डातला प्रत्येक रस्ता त्यांच्याच मेहुण्याच्या खडीवर होतो. त्यांच्या बाई येतात ना माझ्याकडे केस रंगवायला. मानधन कधी आलं, कधी गेलं, आम्हाला कळतही नाही म्हणाल्या.

नगरसेवक : म्हणजे माझंच खरं झालं. उद्या पगार दुप्पट केला, तर तो खायचा थांबणार आहे का?

बायको : छे. पगार दिला म्हणून चोराचा साधू होत नाही, एवढं मलाही कळतं. कान धरा जरा, पुढे दुमडून.

नगरसेवक : झालं तर मग.

बायको : कुठे झालं? चोर राहील तसाच. पण ज्याला खायचं नाही, त्यानं तिथे यायचं कसं?

नगरसेवक : मी आलो की. दोनदा निवडून आलो. आजवर एका ठेकेदाराच्या चहाला तोंड लावलेलं नाही. लोक उगाच फकीर म्हणत नाहीत मला.

बायको : फकिराच्या मुलीची फी कुठून जाते हो?

नगरसेवक : आता फी कुठे आली मधेच?

बायको : विचारलं आपलं.

नगरसेवक : पार्लरमधून जाते. मी कधी नाही म्हटलंय?

बायको : नाही म्हटलं नाहीत. कागदात लिहिलंही नाहीत.

नगरसेवक : घरचं रडगाणं सभागृहात गायचं का? उगाच डोकं नको खाऊस, आधीच ताप आहे. येत्या निवडणुकीत भाऊसाहेबासमोर आपल्या ताईला उभं करायचं ठरवलं होतं. पाणीखात्यातली इंजिनिअर. वरच्या गल्लीला वर्षानुवर्षं पाणी चढत नव्हतं. हिनं एक व्हॉल्व्ह हलवला आणि चढलं. अशी माणसं पाहिजेत तिथे. तर म्हणते, दादा, मला नाही जमणार. घाबरली.

बायको : घाबरल्या नाहीत त्या.

नगरसेवक : तुला काय माहीत?

बायको : वन्सं येऊन गेल्या इथे. नोकरी सोडावी लागेल, मग तुमचं घर कसं चालतं ते सांगा म्हणाल्या.

नगरसेवक : आणि तू काय सांगितलंस?

बायको : खरं ते. मानधनात तुमचं पेट्रोल आणि ऑफिसातला चहा निघतो. बाकीचं घर या दोन खुर्च्यांवर चालतं.

नगरसेवक : म्हणजे तू घालवलीस माझी उमेदवार.

बायको : मग खोटं बोलायचं होतं? आई त्यांच्याकडे, आईंचं औषधपाणी त्यांच्याकडे. म्हणाल्या, “वहिनी, दादाला तुम्ही आहात. मला कोण आहे?”

नगरसेवक : ...मला नाही म्हणाली असं.

बायको : फकिराला कोण म्हणेल?

नगरसेवक : हे बघ, उद्या मी ठरावाच्या बाजूनं बोललो, तर सगळे म्हणतील हाही शेवटी पैशाला भुलला. एवढं एकच कमावलंय मी आयुष्यात. नाव.

बायको : हो. नाव तुम्ही कमावलंत. बाकीचं मी. हलू नका, खांदा साथ देत नाही माझा आज.

नगरसेवक : खांद्याला काय झालं?

बायको : डॉक्टर म्हणतात, संध्याकाळची गिऱ्हाइकं बंद करा, नाहीतर हात वर जाणार नाही.

नगरसेवक : मला बोलली नाहीस ते.

बायको : बोलून? मी हात खाली ठेवला, की चार दिवसांत तुम्हाला ठेकेदाराचा चहा गोड लागायला लागेल. भीती वाटते मला त्याची. खांद्यापेक्षा जास्त.

नगरसेवक : ...पेन दे.

बायको : कागदावर केस पडतील.

नगरसेवक : पडू देत. हं, ऐक. “या ठरावाला माझा पाठिंबा आहे. पगारानं चोर सुधारणार नाहीत. पण मी आजवर स्वच्छ राहिलो, तो बायकोच्या कमाईवर. ज्याच्या घरात दुसरं कुणी कमवत नाही, त्यानं काय करायचं?” असं बोलू?

बायको : हसतील लोक.

नगरसेवक : हसतील. भाऊसाहेब तर पोट धरून हसेल. फकीर काही कुणी म्हणणार नाही परत.

बायको : नाही म्हणणार.

नगरसेवक : तुला वाईट वाटेल?

बायको : तुम्हाला फकीर म्हणायचे ना, मला फार बरं वाटायचं. वाटायचं, त्यात अर्धी मी आहे. पण तसं कधी कुणी म्हटलं नाही. तुम्हीसुद्धा नाही.

नगरसेवक : उद्या म्हणतो की, भर सभेत.

बायको : सभेत म्हणालच. आधी इथे म्हणा.