नऊतलं एक

शिकागोहून नेपरव्हिलला निघालेल्या रेल्वेगाडीत मागच्या सीटवरून मराठी ऐकू आलं आणि वीणाकाकूंनी हातातलं पुस्तक मिटलं. मायलेकी होत्या.

"निधी, पाय हलवू नकोस गं. आणि किती वेळा लिहून डिलीट करतेस?"

"आई, आमच्या म्युझियममध्ये त्या जुन्या डच चित्रकाराची स्केचेस आहेत ना, नदीची, झाडांची? साडेतीनशे वर्षांत नऊच टिकली. त्यातलं एक त्याचं नाहीच."

"कशावरून?"

"तो कागदच चित्रकार गेल्यावर वीस वर्षांनी बनलाय."

"मग कळव की."

"बॉसनं त्याच स्केचवर पुस्तक लिहिलंय. माझ्या व्हिसाच्या कागदांवर सही तोच करतो."

वीणाकाकूंनी मान वळवली नाही.

"मग काढलं कोणी ते?"

"कोण जाणे. नाव कुठेच नाही."

"चांगलं काढलंय?"

"नऊंमध्ये सगळ्यात चांगलं."

"मग त्या बिचाऱ्याचं चित्र दुसऱ्याच्या नावावर किती दिवस ठेवणार?"

निधीच्या पायानं वीणाकाकूंची सीट अजून हलत होती. मग ती थांबली.

"पाठवला ईमेल. आता त्याची आठच राहिली, आई."

"आणि ह्याचं एक झालं."