हुबेहूब गॅस्केट

कँटीनच्या रांगेत मॅनेजर आणि लेझर कटिंग मशीन चालवणारा पोरगा पुढे, मागे स्टोअरच्या बाई. बाईंचं लक्ष चहाकडे कमी आणि पुढच्या दोघांच्या बोलण्याकडे जास्त होतं.

“सकाळपासून बॉयलर बंद आहे, दुपारी मालक येतायत. आणि जोडातून वाफ अडवायला तू कापलेली बाराच्या बारा गॅस्केटं गळतात?”

“ग्राफाइटची शीट नवीकोरी आहे, साहेब. कड बघा कशी स्वच्छ आलीय.”

“मग ही चीर कसली?”

“तुम्ही नमुन्याला दिलेल्या जुन्या गॅस्केटला होती. मशीनने स्कॅन केलं, तसंच कापलं. केसाचाही फरक नाही.”

“धन्य तुझं मशीन. आपले जुने कारागीर मामा नुसत्या हातोडीने ठोकून कापायचे, पण चीर काही उतरवायचे नाहीत.”

“मग मामांनाच बोलवा.”

“कालच घरी बसवलं त्यांना, तुझ्या मशीनपायी.”

“निरोपाचं भाषण कुणी केलं?”

“मीच. म्हटलं, मामांची जागा कुणीच घेऊ शकणार नाही.”