चिपला नाव विचारलं तेव्हा

चहा घ्या, पण मुरलीसाहेबांचा विषय काढू नका, माझं डोकं परत तापेल.

आमची कंपनी प्रोसेसर बनवते. मुरली आमचे मॅनेजर, बसतात बंगळुरूला. चेन्नईत शोळिंगनल्लूरला बसणाऱ्या आम्हा लोकांशी फक्त मेलवर बोलतात, तेही इंग्रजीत. व्हिडिओ झपाट्याने चालवणारी एक इन्स्ट्रक्शन, म्हणजे चिपला समजणारा हुकूम, आधी आमच्या प्रतिस्पर्ध्यांनी काढली. मी सॉफ्टवेअरमध्ये लिहिलं होतं, चिपला विचारा, तुला ही इन्स्ट्रक्शन येते का. मुरलींनी ते बदलायला लावलं. "इन्स्ट्रक्शन त्यांची आहे. चिपला कंपनीचं नाव विचार, त्यांचं असेल तरच वापर." मी कळवलं, या कंपन्या करार करून एकमेकींच्या इन्स्ट्रक्शन घेतात, उद्या आपणही घेऊ. उत्तर आलं, "सांगितलंय तेवढं कर."

आणि आमच्या कंपनीने ती घेतलीच. परवा गिऱ्हाइकासमोर नव्या चिपचा डेमो होता, मुरली स्वतः आले होते. चिपला इन्स्ट्रक्शन येत होती, पण नाव आमचं, म्हणून सॉफ्टवेअरने तिला हातच लावला नाही. शेजारची प्रतिस्पर्ध्यांची जुनी चिप पुढे निघून गेली.

मूर्खपणा यांचा, आणि माझ्याकडे बोट दाखवून गिऱ्हाइकाला तमिळमध्ये सांगतात, "हा शिंदे, महाराष्ट्रातून आलाय. याच्या डोक्यात काही शिरत नाही."

आमच्या कित्येक पिढ्या तंजावरात गेल्या. मी तमिळमध्येच म्हणालो, "सर, चिपचंही तुम्ही हेच केलंत. नाव बघितलंत, येतं का ते विचारलं नाहीत."