पाचवा वाटा

…हसा, हसा! पोटभर हसून घ्या बाप्पा, कोर्टाच्या आवारात हसायले मनाई आहे अशी पाटी तं कुठं दिसून नाही राहिली. अन् हसणारे तुम्ही काही पहिले नाही. सकाळी यष्टीत कंडक्टर हसला, फाट्यावर चहावाला हसला, आता ह्या कडुनिंबाखाली तुम्ही. म्हातारा कुत्र्याले दोरी बांधून कोर्टात आला म्हणते! मी काय हौसेनं आणला? हुकूम आहे, कुत्रा हजर करा म्हणून. मी आरोपी, हा भुऱ्या पुरावा, अन् तिकडं भिंतीच्या सावलीत आपल्याकडं पाठ करून बसली आहे नं, हिरव्या लुगड्याची, ती माझी बुढी, घरवाली सुलोचनाबाई, ती साक्षीदार. घराले कुलूप लावून तिघंही आलो. बकरी तेवढी राहिली, तिचं नाव अजून कागदात नाही आलं.

तुमाले सांगतो, मी बोलणारा माणूस नाही. दिवसभरात मी चार शब्द बोलतो, त्यातले दोन ह्या भुऱ्याशी. पण ह्या बाबूनं आत्ता इचारलं, ‘कायच्या केसमधी आले बाबाजी?’ मी म्हटलं, सशाच्या. तं लगेच बाजूचे हे टोपीवाले भाऊ काय म्हणतात? ‘अच्छा, अच्छा, पाचवा वाटा कोणाचा… तेच का तुम्ही?’ घ्या! आमचं गाव सडक अर्जुनीच्या आत, हे भाऊ पार गोरेगावकडचे, अन् ह्याईलेही माहीत! अहो, लग्नाच्या पंगतीत बसलो तं वाढणारा पोट्टा पत्रावळ्या मोजते अन् मोठ्यानं इचारते, ‘पाचवा वाटा कोणाचा?’ न्हाव्याकडं गेलो तं तो वस्तरा गळ्याले लावून इचारते, ‘पाचवा वाटा कोणाचा?’ आता गळ्याले वस्तरा असताना माणूस काय सांगंल?

म्हणून म्हटलं, आज एकदाचं सांगूनच टाकतो. पुकारा व्हायले वेळ आहे.

धान कापून झाला होता. शेतातल्या बांध्या मोकळ्या पडल्या, लाखोरीचं पीक वर येऊन राहिलं होतं, अन् ससा काय, कोवळी लाखोरी पाहिली की त्याले राहवते थोडंच! गावातला बिसराम आला घरी. ‘मोठेबाबा, एका सकाळपुरता तुमचा भुऱ्या द्या नं.’ मी म्हटलं, कुत्रा म्हणजे काय फावडं आहे, उसना द्यायले? तो एकटा नाही येत कोणासोबत, मीही येतो. हे खोटं होतं बाबू. भाकर दाखवली तं तो कोणासोबतही जाते. मलेच जायचं होतं. ह्या वयात! दात नाही धड तोंडात, पण जीभ आहे नं!

चौघं गेलो. मी, बिसराम, फटफटीवाला चंद्रकुमार, अन् माझ्याच वयाचा केवळराम, म्हणजे तोंडानं तेज, पायानं सुस्त. केवळरामची दोन कुत्री पहिल्याच शेताच्या धुऱ्यावर कोणाच्या म्हशीमागं लागली, ती दुपारीच भेटली. अन् हा भुऱ्या, एक कान फाटलेला, म्हातारा, ह्यानं तीन बांध्या पार करून नाल्याच्या काठाले ससा धरला.

तुम्ही ससा ऐकला आहे का कधी? पाहिला असंल, ऐकला नसंल. जन्मभर तो तोंडच नाही उघडत. धरला तेव्हा एकदा ओरडला. लेकरू पाळण्यातून पडावं नं, तसा. चंद्रकुमारनं मान पिरगाळली, आवाज बंद. मी तेव्हा दुसरीकडं पाहून राहिलो होतो. नाल्यात पाणी किती आहे ते पाहून राहिलो होतो.

नाल्यात पाणी नव्हतंच.

तं झालं काय, मोहाच्या झाडाखाली बसून वाटे घातले. आमची रीत आहे, आज्याच्या आज्यापासूनची… जेवढी माणसं तेवढे वाटे, अन् धरणाऱ्या कुत्र्याचा एक, सगळ्याईच्या बरोबरीचा. पळाला तो, धापला तो, काटे टोचले त्याले, अन् आपण त्याच्यासमोर हाडकं फेकायची? तसं नाही चालत. वाटे मीच घातले, कारण माझ्या हाताले सगळ्याईचा भरवसा. पळसाच्या पानावर पाच वाटे. अन् हा बसला आपल्या वाट्यासमोर. ‘घे बेटा’ म्हणेपर्यंत हा तोंड नाही लावत, लाळ गळून पार मातीचा चिखल झाला तरी नाही लावत. आता तुम्हीच सांगा, असा कुत्रा माणसाले भेटते का?

अन् मागून आवाज आला, ‘काय करून राहिले बाबाजी?’

दुर्गेश्वरी मॅडम! फारेस्टची गार्ड. पोरगी माझ्या नातीएवढी, बाजूच्याच गावची, आवाज एकदम गोड. इतका गोड, की मी म्हणणार होतो, या, बसा. तेवढ्यात केवळराम उठला. ‘काही नाही मॅडम, हायवेवर ट्रकखाली आला होता बिचारा. म्हटलं, वाया कायले जाऊ द्यायचा?’ ती म्हणे, ‘केवळरामजी, हायवे इथून किती दूर? अन् ट्रकखाली आला तं चपटा काऊन नाही झाला?’ केवळराम म्हणते, ‘लहान ट्रक होता.’

लहान ट्रक! अहो, माझी मान तेव्हाच खाली गेली.

मॅडम म्हणे, ‘मेलेला ससाही सरकारचाच असते.’ मनात म्हटलं, माझी लाखोरी खाऊन राहिला होता तेव्हा कोणाचा होता? पण मनातच म्हटलं. मग तिनं पेन काढला, अन् पेनानंच मोजलं. माणसं, एक दोन तीन चार. वाटे, एक दोन तीन चार… पाच. पुन्हा माणसं मोजली. पुन्हा वाटे मोजले. अन् इचारलं, ‘पाचवा वाटा कोणाचा?’

केवळराम आभाळाकडं पाहाले लागला. चंद्रकुमार फटफटीकडं. बिसराम माझ्याकडं. अन् हा भुऱ्या? हा मॅडमकडं पाहून शेपूट हलवे, मग वाट्याकडं पाहे, मग माझ्याकडं पाहे. बोलता नाही येत म्हणून, नाही तं ह्यानं सांगितलंच असतं, ‘माझा आहे मॅडम, पाचवा माझा.’ अन् कुत्र्याचा म्हटलं की संपलं नं! ट्रकनं मारला असता तं कुत्र्याले वाटा कायचा? शिकार कबूल! चौघंही आत, अन् हाही जप्त. मी पायानं ह्याले ढकलून राहिलो, ‘हाड, हाड, कोणाचा कुत्रा आहे रे?’ तं त्याले वाटलं खेळून राहिलो. पाय चाटाले लागला.

‘बाबाजी, पाचवा वाटा कोणाचा?’

जन्मभर न बोलणारा माणूस मी. तोंड उघडलं, अन् काय बाहेर पडावं? ‘घरच्या बाईचा.’

आता सुलोचनाबाई म्हणजे कोण, हे तुमाले माहीत नाही, म्हणून तुम्ही हसून नाही राहिले. मॅडमले माहीत होतं. तिचा पेन तिथंच थांबला. ‘कंठीवाल्या सुलोचनाबाई? भजनात ढोलकजवळ बसते त्या? त्या ससा खाते?’ अन् मी म्हटलं… ऐका बाप्पा, कान देऊन ऐका… मी म्हटलं, ‘खाते कधीमधी.’

जिनं गळ्यात तुळशीची कंठी घातल्यापासून अंड्याच्या टरफलाले हात नाही लावला! माझं मटण मी अंगणात शिजवतो, वेगळ्या चुलीवर, वेगळ्या कढईत, अन् ती कढई घरात नाही येत, बाहेर खिळ्याले टांगली राहते. त्या बाईच्या नावावर मी ससा घातला. कुत्रा वाचवाले!

संध्याकाळी मॅडम घरी. बुढी अंगण झाडून राहिली होती. ‘काकू, हे म्हणते ससा तुम्ही मागवला. खरं आहे का?’ बुढीनं आधी खिळ्यावरच्या कढईकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. मी माझ्या पायाकडं. भुऱ्यानं शेपूट हलवली. अन् ती बोलली, ‘हो. मीच म्हटलं होतं आणायले. तोंडाले चव नव्हती.’

चव नव्हती म्हणे! इतकं गुळगुळीत खोटं मले नसतं जमलं. अन् झाडू घेऊन पुन्हा खाली वाकली. झाडलेलंच अंगण पुन्हा झाडलं तिनं.

पुढचं काय सांगू? सशाचं पोस्टमार्टम झालं. माझ्या बापाचं नव्हतं झालं, त्याचं झालं. डॉक्टर आला, सील लागलं, सह्या झाल्या, माझा अंगठा झाला. फटफटी जमा. आम्ही जमानतीवर सुटलो. अन् गावात सुरू, ‘पाचवा वाटा कोणाचा? सुलोचनाबाईचा!’ भजनातल्या बायका तिले काही बोलल्या नाही. बोलल्या असत्या तं बरं झालं असतं. फक्त तिची झांज दुसरीच्या हातात दिली, अन् ढोलकजवळ दुसरी बसली. बुढी दाराजवळ बसून आली. घरी आल्यावर मले म्हणे, ‘जेवून घ्या.’ बस, एवढंच. अहो, शिव्या देणारी बायको असणं हे केवढं सुख आहे, हे ज्याची आहे त्याले नाही कळत!

मग एक दिवस वकील म्हणे, ‘बाबाजी, बाईनं मागवला म्हणजे तिच्या सांगण्यावरून झालं. तिलेही पाचवी आरोपी करून राहिले.’ मी वकिलाचे पायच धरले. केवळराम उलटा खूश! ‘करू दे नं! बाईमाणूस पाहून कोर्ट नरम पडते. तुम्ही फक्त चूप राहा. चूप राहणं तं तुमाले येतेच.’

येते नं. जन्मभर तेच केलं.

मागच्या तारखेले आम्हाले उभं केलं. साहेब म्हणे, ‘गुन्हा कबूल आहे का? होय की नाही, एवढंच सांगा.’ वकिलानं सांगून ठेवलं होतं, ‘नाही’ म्हणायचं. मी म्हटलं, ‘साहेब, पाचवा वाटा भुऱ्याचा होता.’

साहेबानं चष्मा काढला. ‘भुऱ्या कोण? पूर्ण नाव सांगा.’

‘तेवढंच नाव आहे साहेब.’

‘राहणार कुठला?’

‘माझ्या अंगणात.’

‘मग तो हजर का नाही?’

‘हजर आहे साहेब, फाटकाजवळ बसला आहे. शिपाई आत नाही येऊ देऊन राहिला.’

झालं! वकील हसले, शिपाई हसला, साहेबानं रुमाल तोंडाले लावला. मी मात्र थांबलो नाही. एकदा तोंड उघडलं नं, मग थांबवता नाही आलं. ट्रक नव्हता म्हटलं, लहानही नव्हता, मोठाही नव्हता. कुत्रा माझा, शिकार आमची, वाटे माझ्या हातचे, बाई निर्दोष. केवळराम मागून म्हणून राहिला, ‘अबे बुढ्या, अबे बुढ्या…’ आता तो मले ओळखही नाही देत. ते पाहा, तिघंही चहाच्या टपरीवर. मले बोलावलं का? वकील म्हणते तीन वर्षांपर्यंत सजा होऊ शकते. होऊ दे.

पण त्या दिवशी मी कसा घरी गेलो, तुमाले काय सांगू! छाती पुढं काढून गेलो. म्हटलं, खरं बोलून आलो, आता बुढीच्या हातात झांज परत. ती सुपात तांदूळ पाखडून राहिली होती. म्हटलं, ‘सांगून टाकलं. वाटा भुऱ्याचा होता म्हणून सांगून टाकलं.’ सूप थांबलं नाही. म्हणे, ‘म्हणजे कुत्र्याले वाटा भेटला, अन् मले नाव भेटलं.’

छाती तिथंच आत गेली.

अन् बायका? मले वाटलं, येतील, हात धरून नेतील. त्या म्हणाल्या, ससा नाही खाल्ला, तं मग मॅडमसमोर खोटं बोलली! आधी ती ससा खाणारी होती, मी खरं बोललो अन् ती खोटं बोलणारी झाली. म्हणजे मी खोटं बोललो तरी तिचंच गेलं, खरं बोललो तरी तिचंच गेलं! अन् तिनं काय केलं? भांडली? नाही. गळ्यातली कंठी आपल्या हातानं काढली. म्हणे, ‘खोट्या गळ्यात नाही शोभत. जिथं माझं खोटं लिहिलं आहे तिथं जाऊन खरं सांगीन, तेव्हा घालीन.’ ते पाहा, पदराले गाठ दिसते नं? कंठी आहे त्यात. तिले आरोपी करायचं राहिलं, आज तिची साक्ष. ती खरं सांगंल अन् मी आणखी खोल जाईन. जाऊ दे बाबू. माझं काही नाही. फक्त त्या गाठीकडं पाहवत नाही, म्हणून तुमच्याकडं तोंड करून बसलो, अन् इतका बोललो. नाही तं मी बोलणारा माणूस नाही…

थांबा, डबा उघडून राहिली ती. भुऱ्या, बस. सकाळी तिनं काय बांधलं, मले नाही सांगितलं, मीही नाही इचारलं. भाकरी आहे वाटते. पाहा, कागदावर वाटे घालून राहिली. एक… दोन… तीन. तीनच. आपण तिघं, तीन वाटे. पाहिलं, हिशोब एकदम साफ आहे बाईचा! आली, आली. हा पहिला भुऱ्याच्या समोर ठेवला. तोंड नाही लावून राहिला पाहा, माझ्याकडं पाहून राहिला. घे बेटा, घे. तुझाच आहे, आता तं कोर्टातही लिहिला आहे. दुसरा तिनं आपल्या हातात ठेवला. अन् तिसरा…

…घ्या बाबू. घ्या, घ्या, तुमालेच देऊन राहिली ती. माझ्याकडं काय पाहता? नाही म्हणू नका, तिले वाईट वाटंल. पाचवा वाटा कोणाचा, ते मी साऱ्या जिल्ह्याले सांगितलं… हा तिसरा कोणाचा होता, हे तिले इचारायची आपली हिंमत नाही बाप्पा. खा तुम्ही.