चिंचवाडीला कोण सांगणार?

आणि ते पत्र टपालात टाकायचं नाही. सोमवारी नाही, मंगळवारी नाही, कधीच नाही. हे मी मघाशी दारात कोट काढताना बोलले. पाळकसाहेब, हेर फारर, तुम्ही माझा हात हातात घेतलात, मान डोलावलीत आणि पुढं गेलात. म्हणून आता सगळ्यांसमोर बोलते. जोशी, तू त्यांना जर्मनमध्ये सांगतोयस ना? सगळं सांग. गोड गोड तेवढं सांगून बाकीचं गिळू नको.

बसा. सलाम सगळ्यांना. एवढ्या थंडीत आलात. श्टुटगार्टची पोरं आली, कुलकर्णी इथं त्सुफेनहाउझेनच्या कारखान्यातली पाळी बदलून आला, आपल्या घरातल्या सिस्टर सगळ्या आल्या. एस्तेरताईंना बरं वाटलं असतं. मला बोलता येत नाही. मी चौथी शिकले, तीही नगरच्या मिशन शाळेत, निम्मा वेळ भाकऱ्या थापून. बोलायचं काम ताईंचं असायचं. मी मागं भांडी आवरायची. परवा आपण त्यांना मातीत ठेवलं, आज त्या फोटोत बसल्यात, म्हणून माझ्यावर पाळी आली. मध्येच पाणी देऊ नका, थांबले तर पुन्हा सुरू व्हायचं नाही.

तुम्ही पोरं ताईंना ओळखता ती रविवारच्या जेवणामुळं. जोशीला तर खात्री आहे, स्वर्गात गेल्यावर आमचा कोबी आणि वरणभातच मिळणार. त्याआधीच्या ताई तुम्हाला ठाऊक नाहीत.

ताई नर्स होत्या. मिशननं त्यांना नगरहून आफ्रिकेत, टांगानिकात पाठवलं आणि त्यांच्या चुलीसाठी मला. मी विधवा, मूलबाळ नाही, म्हटलं चला. त्या गावाचं नाव मला कधी नीट म्हणता आलं नाही. दवाखान्यापुढं ही मोठी चिंच होती, आपल्याकडं असते तशीच. आम्ही त्याला चिंचवाडी म्हणायला लागलो. पुढं पुढं तिथली माणसंही आम्हाला हसत तेच म्हणायची. मोटारीचा रस्ता अलीकडं संपायचा, पुढं चालत.

आम्ही शिकवायला गेलो होतो, बरं का. देव शिकवायला. मी सुद्धा. मला वाटायचं, यांना काही ठाऊक नाही.

तिथं एक म्हातारी होती, तातू नावाची. आजीला तिकडं बीबी म्हणतात, म्हणून बीबी तातू. रोज चिंचेखाली येऊन बसायची, औषध घ्यायला नव्हे, ताईंशी बोलायला. ताईंची आई लवकर गेलेली, त्यांनी तिलाच आई करून टाकलं. बीबीचा एकुलता मुलगा लांब घायपाताच्या मळ्यावर कामाला होता. तो तिथं वारला. मळ्याच्या साहेबानं मिशनला कळवलं, मिशननं आम्हाला.

आता नगरला काय करतात? देवळात उपासना झाली की पाळकसाहेब सूचना सांगतात. अमक्याचं लग्न, तमक्याच्या घरी प्रार्थना, अमका प्रभूकडे गेला. सगळे उभे राहतात, प्रार्थना होते, मग सगळे आपापल्या घरी येतात. ताईंनी तेच केलं. त्यांच्या दृष्टीनं मान दिला. घंटा वाजवून, सगळी मंडळी असताना, नाव घेऊन सांगितलं. बीबी तातू तिसऱ्या बाकावर बसलेली.

ती रडली नाही. उठली, कपडा झटकला आणि घरी गेली. तिच्यामागं बायका गेल्या, मग पुरुष गेले. देऊळ रिकामं. ताई पुढं उभ्या, मी दाराशी.

संध्याकाळी आम्ही बीबीकडं गेलो. ती चुलीपाशी. मुलाचं ताट वाढून ठेवलेलं. मी ताईंना हळूच म्हटलं, म्हातारीचं डोकं फिरलं. बीबीनं ऐकलं. आमची भाषा तिला येत नव्हती, पण माझं तोंड तिला वाचता यायचं. ती म्हणाली, "माझा मुलगा मेलेला नाही. सांगायला कोणी आलंय का?"

मग दवाखान्यात झाडलोट करणाऱ्या बाईनं आम्हाला समजावलं. तिथं मरणाची बातमी माणूस घेऊन येतो. स्वतःच्या पायांनी. जिथं माणूस गेला तिथून चालत येतो, घरात येऊन बसतो, पाणी घेतो. घरचे त्याच्या पायांवरची धूळ बघतात आणि त्यांना आधीच कळतं. मग तो सांगतो. आणि सांगून उठत नाही. त्या घराचं रडं संपेपर्यंत तिथंच राहतो, तिथंच झोपतो, त्यांच्याबरोबर उपाशी असतो. ज्यानं दुःख आणलं त्यानं ते धरायलाही मदत करायची. असा कोणी येईपर्यंत गेलेला माणूस गेलेला नसतो. त्याचं ताट वाढायचं.

आम्ही काय केलं होतं? घंटा वाजवून तिचं पोर मारलं होतं आणि घरी येऊन चहा प्यायलो होतो.

दवाखान्यात माणूस यायचा बंद झाला. ताप अंगावर काढायचे, पण आमच्या दारात येईनात. मी चिडले. म्हटलं, ताई, बातमी तीच आहे ना? आता उगीच कशाला ताणायचं? ताई म्हणाल्या, "बातमी तीच आहे गं सगुणा. पण तिच्यापर्यंत ती अजून कोणी आणली नाही."

आणि निघाल्या. मळ्यावर. चालत. मीही मागं, डोक्यावर पातेलं, तोंडानं कटकट. वाटेत मी त्यांना काय काय बोलले ते या खोलीत सांगण्यासारखं नाही. मळ्यावर त्यांनी त्या मुलाची कबर बघितली, तो झोपायचा ती जागा बघितली, त्याच्याबरोबर काम करणाऱ्यांशी बोलल्या, त्याची गोधडी घेतली. आणि तिथून परत, चालत, थेट बीबीच्या दारात. हातपाय न धुता. बसल्या. पाणी घेतलं. बीबीनं त्यांच्या पायांकडं पाहिलं.

मग जो आवाज आला तो मी आयुष्यात विसरणार नाही.

ताई तिथंच राहिल्या. दवाखान्याला कुलूप. मला वाटलं मिशन काढून टाकेल दोघींना. बीबीच्या शेजारी जमिनीवर झोपल्या, एक शब्द उपदेश केला नाही. नंतर परत आल्या तेव्हा अर्धं गाव त्यांना सोडायला आलं.

मी तेव्हा विचारलं, ताई, एवढी प्रवचनं केलीत, त्यानं जे झालं नाही ते यानं कसं झालं? त्या पाय चोळत बसल्या होत्या. म्हणाल्या, "देवाला सुद्धा नुसता निरोप पाठवून चालेना. शेवटी स्वतःच यावं लागलं त्याला, गोठ्यात. मी मात्र घंटेवर भागवायला निघाले होते."

हेर फारर, तुम्ही दर नाताळात हेच सांगता. फार छान सांगता. मला इथल्या भाषेत निम्मं कळतं, तरी रडू येतं. पण मला ते कळलं चिंचवाडीत, त्या सुजलेल्या पायांवरून.

आता या आठवड्याचं सांगते. हे मात्र नीट ऐका, आणि जोशी, तू खाली बघू नको.

ताईंचं हृदय बिघडलं म्हणून मिशननं आम्हाला इथं आणलं. आपल्या सिस्टरांनी घरात जागा दिली, मला स्वयंपाकघर दिलं. उपकार विसरलेली नाही. निघताना बीबी तातूनं ताईंना सांगितलं होतं, तुझं बसायचं स्टूल चिंचेखालीच राहील, त्यावर कोणी बसणार नाही. अजून बसत नाहीत. तिकडून येणारे सांगतात.

इथल्या दवाखान्यात शेवटी शेवटी ताईंनी माझा हात धरला. "चिंचवाडीला सांगशील ना, सगुणा?" मी म्हटलं, हो हो, तुम्ही आधी औषध घ्या. त्या काय मागत होत्या ते मला पुरतं कळलं होतं. या जगात ते फक्त मलाच कळणार होतं. आणि मी चमचा पुढं केला.

त्या गेल्या. बाहेर बाकावर हेर फारर माझ्याशेजारी बसले. प्रेमानंच विचारलं, तिकडं मिशनच्या ऑफिसातून एक चांगलं पत्र पाठवू का, तिथल्या पाळकांनी ते देवळात वाचून दाखवावं? मी हो म्हणून मान हलवली.

मी. जिनं ते रिकामं देऊळ डोळ्यांनी पाहिलं, तिनं मान हलवली.

दमले होते, असं म्हणता येईल. कुलकर्णी कालपासून तेच म्हणतोय, मावशी, तुम्ही दमला होतात, मनाला लावून घेऊ नका. अरे, लावून घेऊ नको तर काय करू? दमले नव्हते. खोली आठवली. माझी ती वरची खोली. खिडकीखाली हाइट्सुंग आहे, ती गरम पाण्याच्या नळ्यांची शेगडी, रात्रभर कोमट. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या दाराला माझी किल्ली आहे. ओबरश्वेस्टरनी, आपल्या मोठ्या सिस्टरनी, मागं एकदा स्पष्ट सांगितलं होतं, चांगल्या मनानं सांगितलं होतं, सगुणा, तू देश सोडून जास्त दिवस गेलीस तर आउफएंटहाल्टचा, इथं राहायच्या परवानगीचा, शिक्का जाईल, खोली दुसऱ्या कोणाला द्यावी लागेल, परत यायचं कठीण होईल. आणि चिंचवाडीला सांगायला जाणं म्हणजे दोन दिवसांची गोष्ट नाही. सांगून उठता येत नाही तिथून. माझ्या वयाला तर बहुतेक तिथूनच उठता यायचं नाही. म्हणून मान हलवली. उबेसाठी.

परवा तुम्ही सगळे मातीला आलात आणि परतल्यावर मी तुम्हाला कॉफी दिली, केक कापला, इथली रीत म्हणून. कापता कापता हात थांबला. घंटा वाजवली आणि चहा प्यायलो. पुन्हा तेच. तेव्हा ताईंना ठाऊक नव्हतं म्हणून चुकल्या. मला ठाऊक असून मी तेच करायला निघाले.

कधी वाटतं, राहू दे. तिथं त्या जिवंत आहेत तर असू दे जिवंत. बीबीचं वय झालंय, तिचं आणखी एक पोर कशाला मारायचं? हा विचारही मी केलाय, आणि तो चांगुलपणाचा वाटतो म्हणूनच जास्त लबाड आहे. बीबीला रडायचा हक्क आहे. तो कोणीतरी नेऊन द्यावा लागतो.

तर माझं मागणं ऐका. पत्र थांबवा. मला पाठवा. बोटीनं पाठवा, जसं जमेल तसं पाठवा, पण पुढचा रस्ता मी चालत जाणार आहे. टांगानिका आता स्वतंत्र झालंय, नवे कागद लागतील, ते ऑफिसनं बघावं, मला वाचता येत नाहीत. ओबरश्वेस्टर, खोलीची किल्ली मी आज संध्याकाळीच तुमच्या टेबलावर ठेवते, म्हणजे माझं मन पुन्हा फिरायला नको. मी मोठी भक्त बाई म्हणून जात नाही. मान हलवल्यापासून मला झोप नाही, म्हणून जाते. ताईंची रोजच्या वापरातली शाल मात्र मला द्या, बीबीकडं न्यायला. मोकळ्या हातानं जाता येत नाही.

आता हेर फारर, तुम्ही सगळ्यांना उभं राहून शांत राहायला सांगणार. इथं तसं करतात, नगरलाही करतात. आज नको. बसूनच राहा. चिंचवाडीत बसतात. आपापल्या खुर्चीवर थोडा वेळ ताईंजवळ बसा, आणि घड्याळ बघू नका.

आणि हेर फारर, उत्तर मला रविवारच्या उपासनेआधी पाहिजे. हो किंवा नाही. तुमच्या तोंडून, स्वयंपाकघरात येऊन, माझ्यासमोर बसून. चिठ्ठी पाठवू नका. तोपर्यंत ते स्टूल चिंचेखाली आहे, आणि एस्तेरताई गेलेल्या नाहीत.